अंबाड्यातलं गाणं

जगात काही गोष्टी एकेकच असतात. ते गाणंही जगात एकच आहे, आणि ते माझ्याकडे आहे! मोठेपणा सांगत नाही, आहे ते सांगते. त्या बँडने ते गाणं आयुष्यात एकदाच म्हटलं. सभागृहात नऊशे माणसं होती, पण गाणं टिपलं गेलं ते फक्त माझ्या अंबाड्यात.

हसू नका. अंबाड्यातच!

आधी बँडचं सांगते. पाच जणांचा बँड. आम्ही त्यांना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांचे केस खांद्यापर्यंत आणि आवाज आभाळापर्यंत जायचा. आता पाच जणांत मिळून गुडघ्यांच्या सात शस्त्रक्रिया झाल्यात. गायक खुर्चीत बसून गातो, ड्रमवाला दोन गाण्यांच्या मध्ये चष्मा पुसतो. पण अजून गातात, आणि आम्ही अजून जमवतो. दुकानात मिळणाऱ्या त्यांच्या कॅसेट नव्हेत हं! त्या काय, कोणीही विकत आणील. आम्ही जमवतो त्या प्रत्यक्ष कार्यक्रमात बसून, चोरून टिपलेल्या टेपा. गायकाला मध्येच शिंक येते, गिटारची तार तुटते, मागचा एखादा रसिक हुंदका देतो, ते सगळं त्यांत असतं.

नियमात बसत नाही, मान्य आहे. सभागृहाच्या दारावर पाटीच होती, 'ध्वनिमुद्रणास सक्त मनाई'. आणि पाटीखाली दरवान. म्हणून तर अंबाडा!

आमचे हे शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. तारा जोडणं, डाग देणं, उघडलेली वस्तू पुन्हा बंद करताना दोन स्क्रू उरवणं, ही त्यांची कला. त्यांनी हरभऱ्याएवढे दोन माइक बनवले. ते लपवायचे कुठे? यांच्या डोक्यावर तेव्हाही काही लपेल अशी परिस्थिती नव्हती. माझे केसही बेताचेच, पण मी गंगावन लावून असा काही अंबाडा घालायचे की त्यात मांजर निजलं असतं तरी कळलं नसतं. एक माइक डावीकडे, एक उजवीकडे. वायर मानेवरून कॉलरच्या आत, तिथून पर्समध्ये, पर्समध्ये टेपरेकॉर्डर.

"आता तू बाई नाहीस," हे म्हणायचे, "तू स्टँड आहेस. हलायचं नाही, बोलायचं नाही."

अडीच तास! पण मला ते जमायचं. मी ग्रंथालयात नोकरीला होते. 'शांतता राखा' ही पाटी माझ्याच हस्ताक्षरात होती. मौन हा माझा धंदाच होता म्हणा ना! हलण्याचं मात्र कठीण. शेजारून कोणी गेलं की मान वळायची, आणि मान वळली की गिटार डाव्या कानातून उजव्या कानात जायची. आमच्या टेपांची नक्कल घेणारे एक दातांचे डॉक्टर आहेत. कान लावून, डोळे मिटून ऐकतात. त्यांनी एकदा मला विचारलं, "चौथ्या गाण्यात ती गिटार हळूहळू फिरत जाते, काय कल्पना आहे! कोणाला सुचली?" मी म्हटलं, "सुचली बाई एकीला." काय सांगू? समोरून एक बाई डोक्यावर भलीमोठी पिसांची टोपी घालून चालली होती!

एकदा मात्र दरवानाने मला दारात थांबवलं. उंच, काटकुळा माणूस, गणवेश दोन मापं मोठा. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "बाई, आकडा सुटलाय. नीट करून घ्या." मी हात लावला तर वायर लोंबत होती! खोचली आत आणि गेले ऐटीत. बावळट आहे बिचारा, असं मनात म्हणाले.

आता त्या गाण्याची संध्याकाळ. दीड तास कार्यक्रम झाला असेल. फट्ट! लाइट गेली. माइक बंद, गिटार बंद, डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना असा अंधार. लोक ओरडले, मग थांबले. आणि गायक रंगमंचाच्या अगदी पुढच्या काठाशी आला, साधी लाकडी गिटार घेतली आणि नुसत्या गळ्याने गायला लागला. कोणी कधी न ऐकलेलं गाणं! त्याने ते ना आधी म्हटलं, ना पुढे कधी. त्या अंधारात यांनी माझा हात धरला आणि दाबला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हा माणूस चारचौघांत माझ्या शेजारून चालायलाही लाजायचा! मी ते गाणं प्राण कानात आणून ऐकलं. दिवे येईपर्यंत यांनी हात सोडला नाही.

या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. अडतीस वर्षांत मी ती शे-दोनशे जणांना तरी सांगितली असेल. "गाणं ऐकवा की," लोक म्हणायचे. त्यावर हे मध्ये पडायचे, "मूळ टेप आहे. एकदा वाजली की एकदा झिजली. खास दिवशी वाजवू."

आणि ते खरंच होतं. आमच्या घरचा नियमच तो. प्रत्येक टेपेला ग्रंथालयातल्यासारखं कार्ड, कार्डावर क्रमांक, तारीख, गाणी. मूळ टेप एकदा वाजवली की तिच्या डबीतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एक रेघ. कार्डं मी सांभाळायची, यंत्रं यांनी. त्या टेपेचा क्रमांक एकसष्ट. तिचा खास दिवस काही उगवला नव्हता.

तो उगवला गेल्या महिन्यात.

तो काटकुळा दरवान, त्याला आम्ही द्वारपाल म्हणतो, पुढे आमच्यातलाच झाला. वर्षानुवर्षं लोकांकडून टेपा जप्त करायच्या आणि कोठीत ठेवायच्या, हे त्याचं काम. सभागृह बंद पडलं तेव्हा ती खोकी कोणालाच नको होती, ती याने घरी नेली, ऐकली, आणि बाटला! पण त्याच्या संग्रहात एक मोठी खोट. त्याची प्रत्येक टेप गाण्याच्या मध्येच, एकाच वाक्यावर संपते. गिटार रंगात आलेली असते आणि याचाच आवाज येतो, "काय आहे हो पिशवीत?" खट्! संपली टेप.

तर हा द्वारपाल आमच्याकडे आला. टोपी मांडीवर ठेवून बसला. म्हणाला, "वहिनी, रविवारी मी लेकीकडे जातोय. कायमचा. घर आवरलं. तिकडून येणं आता काही होणार नाही."

यांनी चहा ओतला तो कप सोडून बशीत.

"एक मागू का?" तो म्हणाला. "लाइट गेली त्या दिवशी मला बाहेर उभं केलं होतं. अंधाराचा फायदा घेऊन कोणी फुकट घुसेल म्हणून. लोखंडी दार बंद, मी बाहेर, हातात बॅटरी. तेवीस वर्षं त्या दारावर होतो, पण तेवढ्या एका गाण्याची रुखरुख राहिली. ते एकदा ऐकवाल?"

"त्यात काय!" मी म्हटलं. "शनिवारी या. दातांच्या डॉक्टरांनाही बोलावते. चारच्या ठोक्याला टेप लावते!"

तो गेल्यावर हे म्हणाले, "विचारायचंस तरी."

"कोणाला? टेपेला?"

त्या दिवसापासून घराची घडी विस्कटली. बुधवारी टेपरेकॉर्डर चालेना. बटण दाबलं की नुसताच घरघरायचा. "पट्टा गेला," हे म्हणाले. "आता मिळत नाही तसला पट्टा." गुरुवारी यांचा चष्मा पुसायला म्हणून डबी उघडली, तर आत पट्टा!

"हा इथे कसा?"

"बघायला काढला होता."

"चष्म्याने बघतात, चष्म्याच्या जागी ठेवून बघत नाहीत!" मी पट्टा रेकॉर्डरवाल्याकडे नेऊन बसवून घेतला. शुक्रवारी फडताळ उघडलं तर साठ होती, बासष्ट होती, एकसष्ट नव्हती!

तुम्हाला कळणार नाही यात काय एवढं. मी एकतीस वर्षं नोकरी केली, माझ्या हातून एक पुस्तक हरवलं नाही. एकदा एक शब्दकोश वाचकाबरोबर इस्पितळात गेला होता, तो मी तिथून, त्याच्या उशाखालून परत आणला! आणि माझ्या घरात, माझ्या फडताळातून एकसष्ट गायब? गेल्या आठवड्यात घरी आलं होतं कोण? दातांचे डॉक्टर. जाताना हातात काय होतं? पिशवी!

मी फोन लावला. "डॉक्टर, तुम्ही आमच्याकडून काही नेलंत का?"

"नाही हो. का?"

"आठवून बघा. चुकून गेलं असेल. मी रागावणार नाही."

"बाई, तुम्ही मला चोर म्हणताय?"

"मी कुठे म्हटलं? मी फक्त विचारलं, काय आहे हो पिशवीत?"

द्वारपालाचं वाक्य माझ्याच तोंडून गेलं! फोन आपटल्याचा आवाज आला. अर्ध्या तासात डॉक्टर रिक्षातून दारात. बरोबर चार खोकी, त्यांचा सगळा संग्रह. "शोधा!" म्हणाले. "एकेक डबी उघडून शोधा! तीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालतोय, पण सोन्याचा दात समोर असूनही माझी नजर फिरली नाही!"

आमच्या दिवाणखान्यात पाचशे-सहाशे टेपा पसरल्या. मी शोधतेय, डॉक्टर तोंड फुगवून बसलेत, आणि हे? हे चहा करत होते. एक झाला, दुसरा झाला, तिसऱ्याला डॉक्टर म्हणाले, "अहो, यांना कोणीतरी थांबवा!" एकसष्ट काही सापडली नाही. डॉक्टरांची माफी मागितली, खोकी पुन्हा भरून दिली, त्यात माझ्या दोन त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांच्या तीन माझ्याकडे राहिल्या, त्यावरून पुन्हा एक फोन झाला. ते जाऊ दे.

शनिवार उजाडला. चार वाजता द्वारपाल आला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. अगदी कार्यक्रमाला यावं तसा! मागोमाग डॉक्टर. "माफ केलंय, पण विसरलो नाही," म्हणत बसले.

मी द्वारपालाला पंख्याखाली बसवलं. शेवटी सांगून टाकलं. टेप हरवली. माझ्या हातून हरवली.

तो थोडा वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "असू दे वहिनी. माझ्या नशिबात गाण्याचं दारच आहे. निदान तो अंबाडा तरी दाखवा."

"कोणता अंबाडा?"

"माइकवाला. आकड्याला कधी लाल-काळी वायर असते का वहिनी? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग पकडलं का नाहीत?"

"पकडलं असतं तर टेप कोठीत गेली असती. म्हटलं, एक तरी टेप शेवटपर्यंत जाऊ दे!"

आणि मी त्या माणसाला बावळट म्हणाले होते. आता केस कापून मला बारा वर्षं झाली. पण गंगावन मी जपून ठेवलं होतं, आकड्यांच्या पत्र्याच्या डब्यात. उठले आणि कपाटातून डबा काढला.

"अगं, ते कशाला आता? धूळ असेल!" यांचा आवाज एकदम वर चढला.

झाकण उघडलं. गंगावन होतं, आणि त्याच्या वेटोळ्यात, घरट्यात अंडं असावं तशी, एकसष्ट!

डॉक्टर नुसते "हं" म्हणाले, पण त्या "हं"मध्ये फोन, रिक्षा आणि चार खोकी, सगळं होतं.

मी यांच्याकडे बघितलं. हे किटलीकडे बघत होते. म्हणाले, "आधी चहा घेऊ."

"नाही!" आम्ही तिघं ओरडलो.

टेप लावली. द्वारपाल पुढे सरकून बसला, डॉक्टरांनी डोळे मिटले. टाळ्या, ड्रम, गिटार... आणि फट्ट! लोकांचा गलका. मग शांतता. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा त्या गायकाचा गळा. पहिली ओळ. द्वारपालाने श्वास रोखला.

आणि डोक्यावर वीज पडावी तसा आवाज आला:

"हुश्श! सुटले बाई एकदाची! दीड तास तोंड शिवून बसलेय. अहो, मागच्या दाराची कडी लावली होतीत ना?"

माझा आवाज! आपल्याच अंबाड्याखालचं तोंड, माइकपासून वीतभरसुद्धा नाही. मी तेव्हा कुजबुजले असेन, पण टेपेत ती कुजबुज म्हणजे गावभर दवंडी!

"पुढच्या बाईच्या कोटाला दुकानाची चिठ्ठी तशीच लोंबतेय. मघाशी दिसली. सांगू का तिला? ...कोणीतरी गातंय वाटतं. बरं गातंय. ...अहो, कडीचं बोला ना! ...हात काय दाबताय? कोणी बघेल! ...बरं, दाबा. अंधारच आहे."

डॉक्टरांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. माझ्या कानातून वाफा निघत होत्या. कारण माझ्या डोक्यात आत्ता, अडतीस वर्षांनी उजेड पडला. लाइट गेली म्हणजे टेपरेकॉर्डरही बंद पडला, असं मी तेव्हा धरून चालले होते! आमच्या ग्रंथालयात लाइट गेली की पंखा बंद, घंटा बंद, मग हा कसा चालू राहील? पण तो चालायचा सेलवर. आणि सेल कोण आणायचं? दर वेळी, दुकानात जाऊन, चार? मीच! दीड तासाचं साठलेलं सगळं बोलणं मी त्या गाण्यावर ओतलं होतं. आणि हे मला गप्प करायला बोलले असते तर तेही टेपेत गेलं असतं. अंधारात खूणही दिसेना. म्हणून...

"हात दाबला तो..." मी यांना विचारलं.

"गप्प बस म्हणून," हे किटलीला म्हणाले.

टेप चालूच होती. "आणि तो दारावरचा बिचारा," माझा आवाज म्हणत होता, "सगळे आत आणि तो एकटा बाहेर. त्याला ऐकू येत असेल का हो? असं गाणं पुन्हा थोडंच होणार आहे! कोणीतरी आत घ्या ना त्याला."

द्वारपालाच्या मांडीवरची टोपी खाली पडली. त्याने उचलली नाही.

"...पण नको," टेप पुढे म्हणाली. "आत आला तर पहिल्यांदा माझ्या डोक्याकडेच बघेल!"

लांब कुठेतरी गाणं संपलं, टाळ्या झाल्या. मी उठून टेप बंद करायला गेले तर द्वारपाल म्हणाला, "पुन्हा लावा."

"अहो, गाणं कुठे ऐकू येतंय त्यात!"

"गाण्याचं नाही. ते दारावरच्या बिचाऱ्याचं लावा."

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. तो डोळे पुसत म्हणाला, "दारात थांबवलेली माणसं आत जाऊन मला शिव्याच देत असतील, असंच वाटायचं. आणि वहिनी, मी आत आलो असतो ना, तर तुमच्या डोक्याकडे बघितलं नसतं."

"आवाजाचा दर्जा मात्र उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे, बाईंच्या."

मंडळी गेल्यावर मी यांना धरलं. "अडतीस वर्षं सांगितलं का नाहीत?"

"काय सांगणार? तू जाशील तिथे सांगत होतीस, प्राण कानात आणून ऐकलं म्हणून. तुझी गोष्ट गाण्यापेक्षा चांगली होती."

"आणि मला गप्प करायचं होतं तर दिवे येईपर्यंत हात धरून का बसलात?"

यांनी समोरचा कप बशीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "गाणं तर गेलंच होतं. म्हटलं, हात तरी..." आणि उठून कपबशा विसळायला गेले. आयुष्यात पहिल्यांदा!

मी टेप डबीत ठेवायला घेतली. आतली चिठ्ठी काढली, आजच्या रेघा ओढायच्या म्हणून. नियम म्हणजे नियम. बघते तर चिठ्ठीवर जागाच नव्हती! पेन्सिलीच्या बारीक रेघा, पाच-पाचचे जुडगे, पुढची बाजू भरून मागच्या बाजूवर गेलेले. मी ग्रंथालयात असताना, लेकीच्या बाळंतपणाला गेले असताना, केव्हा केव्हा कोण जाणे. ज्या टेपेत गाणं ऐकूच येत नाही, ती हा माणूस इतक्या वेळा कशाला ऐकत होता?

विचारलं नाही. काही ठिकाणी शांतता राखलेली बरी.

यांनी टेपेची एक नक्कल करून द्वारपालाला दिली. मी तिचं नवीन कार्ड लिहिलं, आणि दोषांच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'स्टँड बोलतो'.

काल त्याचं पत्र आलं. लेकीकडे ठीक आहे, गुडघा बरा आहे. टेप त्याने पहिल्याच दिवशी घरात सगळ्यांना ऐकवली. सगळ्यांना आवडली. जावई तर दोनदा म्हणाला, की बाई फार छान बोलतात, शब्दन् शब्द स्पष्ट कळतो. फक्त मागे कोणीतरी सारखं गात असतं, त्याला गप्प करायला हवं होतं.